माझी हिरवी तार

मी एक वायर बोलतेय. हसू नका. वायरीला पण तोंड असतं, फक्त उघडायची वेळ येत नाही. माझ्यावर आली.

पॉवर केबल म्हणा, कॉर्ड म्हणा, माझा मालक अनिश मला कौतुकाने 'रेफरन्स केबल' म्हणायचा. अंगठ्यापेक्षा जाड अंग, त्यावर निळ्या-काळ्या विणीचं जाळीदार कापड, टोकाला सोनेरी मुलाम्याची पिन. बघणाऱ्याला वाटावं, हिच्यातून वीज नाही, अमृतच वाहत असेल. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. हे मी स्वतःबद्दल सांगतेय, म्हणजे बघा.

माझा जन्म डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या एका गाळ्यात झाला. खोक्यावर इंग्रजीत बरंच काय काय छापलं होतं, पण माझ्या अंगावर कापड चढवलं ते दिवा गावाहून येणाऱ्या आवडाबाईने. ती रोज घरी पाणी आलं की नाही या काळजीत कामावर यायची. मला हातात धरून शेजारणीला म्हणाली, "अगं, एवढी जाड वायर कशाला? हत्ती बांधायचाय का?"

"गाणी ऐकायला आहे म्हणे."

"मग काय, गाणं वायरीत असतं होय?" दोघी खदखदून हसल्या. मला तेव्हा राग आला होता. नवीन होते ना, अंगावर नवी साडी असली की कोणी हसलेलं खपत नाही.

माझ्या पोटात तीन तारा आहेत. एक वीज घेऊन जाते, दुसरी परत आणते. तिसरी हिरवी. ती काहीच करत नाही. घरात म्हातारं माणूस कोपऱ्यात बसलेलं असतं ना, तशी ती पडून असते. पण मशीन आतून बिघडलं आणि त्याच्या पत्र्यात वीज उतरली, तर ती वीज माणसाच्या अंगात शिरायच्या आधी ही हिरवी तिला उचलते आणि जमिनीत नेऊन गाडते. मग फ्यूज उडतो आणि माणूस वाचतो. सगळं आयुष्य त्या एका वाईट दिवसासाठी. ही एवढी गोष्ट ध्यानात ठेवा, बाकी माझ्याबद्दल सगळं विसरलात तरी चालेल.

अनिश मूळचा कळव्याचा. खाडीकाठच्या कोळी घरातला. बाप गोमाजी आयुष्यभर खाडीत जाळं टाकत आला, आई शेवंती पाटी डोक्यावर घेऊन मासळी विकत आली. पोरगं शिकलं, बँकेच्या कॉम्प्युटर खात्यात लागलं, आणि माजिवड्याला टॉवरमध्ये राहायला गेलं. बायको समिधा शाळेत शिक्षिका. पोरगं वाईट नव्हतं हो. आईबापाला विसरलेलं नव्हतं. त्याला एकच वेड होतं, गाणं ऐकायचं. बापाकडूनच आलेलं. गोमाजी गावच्या भजनी मंडळात गायचा.

पण बापाचं वेड गळ्यातलं आणि पोराचं वेड यंत्रातलं. अनिशने परदेशातून आलेला एक जुना अॅम्प्लिफायर घेतला होता, लोखंडी पत्र्याचा, चांगला वजनदार. दोन स्पीकर. आणि मग मी आले. मला आणायला लावलं ते सर्वेशने. सर्वेश म्हणजे त्याचा ऑफिसातला दोस्त. याच्या घरी जायचं, त्याच्या घरी जायचं, सोफ्यात डोळे मिटून बसायचं आणि लोकांना खर्चात पाडायचं, हा त्याचा रविवारचा धंदा. "अनिश, यार, पॉवर हेच फाउंडेशन आहे. पाया कच्चा तर बिल्डिंग काय उभी राहणार?"

मला जोडलं त्या दिवशी अनिशने डोळे मिटले, गाणं लावलं आणि म्हणाला, "सुटलंय रे! तबल्याचा एकेक बोल सुटा झालाय. पडदा बाजूला झाल्यासारखं वाटतंय."

मी आतून त्याच्याकडे बघत राहिले. मी तर काहीच केलं नव्हतं! आलेली वीज जशीच्या तशी पुढे ढकलली होती. अहो, वीज येते कुठून? कुठल्या तरी लांबच्या केंद्रातून, डोंगरावरच्या खांबांवरून, रस्त्याखालच्या चिखलातल्या केबलीतून, सोसायटीच्या मीटर रूममधून, भिंतीतल्या बोटाएवढ्याही नसलेल्या तारेतून. आणि शेवटचा हातभर रस्ता माझा. विहिरीपासून नळापर्यंत पाणी कसल्याही पायपातून येऊ द्यायचं, आणि पिताना पेला तेवढा चांदीचा घ्यायचा. पाण्याची चव बदलेल का? डोंबल बदलेल.

वायर धड असावी. सैल नसावी, तापू नये, तिन्ही तारा आपापल्या जागी असाव्यात. झालं. यापुढे जे काय ऐकू येतं ते कानात नाही, खिशात ऐकू येतं. पण हे त्याला सांगणार कोण?

समिधाने सांगितलं. तिच्या पद्धतीने.

एका रविवारी दुपारी सर्वेश आणि आणखी दोघं जेवायला आले होते. कोळंबीचं कालवण, भात, सगळे तुडुंब जेवले. ते हात धूत होते तेवढ्यात समिधाने मला अॅम्प्लिफायरच्या पाठीमागून हळूच काढलं, कॉम्प्युटरच्या पडद्याची साधी काळी वायर तिथे लावली आणि मला सोफ्याच्या उशीखाली सरकवलं. मंडळी येऊन बसली. गाणं लागलं. सर्वेशने डोळे मिटले. "बघा, ही केबल काय खोली देते! मागची शांतता ऐका. शांतता ऐकू येतेय."

समिधाने उशी उचलली. "मग भावजी, ही काय आहे?"

सर्वेशने डोळे उघडले. मग ते दोघं पाहुणे असे काही हसले की एकाला ठसका लागला. समिधा पण हसली. गंमत केली होती तिने, मनात काळंबेरं नव्हतं. पण अनिशचं तोंड कोणी थोबाडीत मारल्यासारखं झालं. संध्याकाळपर्यंत तो तिच्याशी बोलला नाही. माझ्याकडे मात्र सारखा बघत होता. त्याला मी खरी ठरायला हवी होते, कसंही करून.

हरला तर तो सर्वेश कसला! जाताना लिफ्टपाशी म्हणाला, "तुझ्या सिस्टिममध्ये हम आहे यार. स्पीकरला कान लावून बघ. ती गुणगुण असल्यावर केबलचा गुण कळणारच नाही. प्लग उघड आणि अर्थिंगची हिरवी तार काढून टाक. सगळे ऑडिओवाले करतात."

गुणगुण होती, खोटं कशाला बोलू. गाणं बंद असताना, स्पीकरला कान टेकवला तर डास लांबून गेल्यासारखी. अॅम्प्लिफायरला जोडलेल्या टीव्हीची वायर आणि मी, दोघी दोन बाजूंनी जमिनीला जोडलेल्या, त्यामुळे येत होती. कोणाला काही त्रास नव्हता तिचा.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आल्या आल्या त्याने माझा प्लग उघडला. स्क्रू सैल केला. हिरवी तार ओढून बाहेर काढली, तिचं टोक कापलं, त्यावर काळी चिकटपट्टी गुंडाळली आणि पुन्हा झाकण लावलं. बाहेरून बघाल तर मी होते तशीच, तीन पिनांची, सोनेरी, खानदानी. आतून लुळी.

मी ओरडले. खूप ओरडले. पण वायरीचं ओरडणं कोणाला ऐकू जातं?

गुणगुण गेली. त्याने समिधाला हाक मारली. "ये, कान लाव. आता सांग फरक नाही म्हणून!" तिने ओल्या हाताने केस मागे सारले, कान लावला. "हो रे. गेली खरी. कशी काय?"

"केबल आहे ती. सेट व्हायला वेळ लागतो."

काय म्हणावं या माणसाला! तारेबद्दल त्याने बायकोला चकार शब्द सांगितला नाही. सांगितलं असतं तर केबल हरली असती ना. बायको एकदा हसली होती, पुन्हा हसली असती. तेवढं हसू टाळायला त्याने माझा एक जीव कापला.

माजिवड्याला त्यातून काही वाईट घडलं नाही. अॅम्प्लिफायर तेव्हा धडधाकट होता, घर कोरडं होतं, टॉवरमध्ये वीज गळली की आपोआप तोडणारं यंत्र बसवलेलं होतं. पुढे अनिशने नवा अॅम्प्लिफायर घेतला, त्याच्यासाठी नवी वायर घेतली, माझ्याहून जाड. आणि जुना अॅम्प्लिफायर, जुने स्पीकर आणि मी, आम्ही गेलो कळव्याला. बापासाठी भेट.

मला ते घर बघितल्या बघितल्या आवडलं. पुढे ओटा, ओट्यावर जाळी, दारात मासळी तोलायचा लोखंडी काटा, मागे खाडीचा वास. गोमाजीने मला हातात घेऊन वजन केलं. "काय यी वायर! हिच्यानं होरी बांदली तरी तुटाची नाय."

"बाबा, महागाची आहे ती," अनिश म्हणाला. "हीच वापरा. दुसरी साधी कुठली लावू नका."

ऐकलंत? हीच वापरा म्हणाला. आपण काय कापून ठेवलंय हे त्या वेळी त्याच्या डोक्यातसुद्धा नव्हतं. मायेने बोलला. चांगली वस्तू बापाला द्यावी म्हणून बोलला. त्याचाच मला जास्त राग येतो.

आणि त्या घराची तयारी बघाल तर! गोमाजीने पाण्याचा पंप बसवला होता तेव्हा परसात रीतसर अर्थिंगचा खड्डा करून घेतला होता, मीठ-कोळसा घालून. मीठ त्याच्या मेव्हण्याच्या मिठागरातलं. खड्डा सुकू नये म्हणून शेवंती दर आठवड्याला त्यात कळशीभर पाणी ओतायची, तुळशीला घालून झालं की तिथे. भिंतीतल्या बोर्डापर्यंत ती जमिनीची वाट नीट आली होती. तुटली होती ती माझ्या पोटात.

गोमाजी रमला. मोबाइलवरनं गाणी लावायची एक डबी अनिशने जोडून दिली होती. सकाळी खाडीत चिंबोऱ्या धरून आला की पाय न पुसताच टेप लावायचा. हो, ते दोघं अॅम्प्लिफायरला टेपच म्हणायचे. कोळीगीतं, भजनं, आणि मंडळाने मोबाइलवर भरून घेतलेली त्याची स्वतःची गवळण. ती लागली की शेवंतीला हाक मारायचा, "अगो, आयक, कोन गातंय!"

"गातंय कसला, बेडूक वरडतोय," ती म्हणायची, आणि हातातलं काम टाकून ऐकत बसायची.

खाडीच्या हवेने माणसाची हाडं धरतात, तिथे यंत्राचं काय? आत गंज चढला. एक तार सोलवटून पत्र्याला टेकली. पत्र्यात वीज उतरली. हिरवी असती तर पहिल्याच दिवशी फ्यूज उडाला असता आणि गोमाजीने शिव्या घालत टेप दुरुस्तीला दिला असता. मी वाट बघत राहिले. बोर्डातली जमीन एका बाजूला, गळणारी वीज दुसऱ्या बाजूला, आणि मधे माझी पट्टी गुंडाळलेली तार. मला सगळं कळत होतं आणि काहीही करता येत नव्हतं. देवाने वायरीला जीव द्यायचा नव्हता, नाहीतर हात तरी द्यायचा होता.

शेवंतीला कळलं होतं. "अवो, यो टेप चावतो," ती एकदा बोट झटकत म्हणाली.

"करंटवर चालतो तो, चावनारच. चप्पल घालून हात लावत जा."

तिने अनिशला फोन लावला. तो कुठल्या मीटिंगमध्ये होता. "आय, थोडं झिणझिणतं ते. स्टॅटिक असतं. हात कोरडे ठेवायचे. मी येतो तेव्हा बघतो." फोन ठेवल्यावर त्याला माझी आठवण झाली का, मला माहीत नाही. मी माजिवड्यात नव्हते. पण पुढच्या खेपेला तो आला, जेवला, बापाशी गप्पा मारल्या आणि टेपकडे न बघता गेला.

मग दसरा आला.

कोळ्याच्या घरी दसऱ्याला सगळ्या हत्यारांची पूजा. होडीचं इंजिन, जाळी, कोयता, शेवंतीची पाटी आणि काटा. जे पोटाला घालतं त्याला त्या दिवशी आंघोळ, हळदकुंकू आणि झेंडू. गोमाजी ओल्या पंचानेच पूजेला बसला होता, अंगावरून पाणी निथळत होतं. ओट्यावरचं सगळं आटोपून तो तांब्या घेऊन घरात आला. टेपवर त्याचीच गवळण चालू होती.

"आदी बंद तरी करा त्याला," शेवंती चुलीपासून म्हणाली.

"पूजेत गाना बंद करतान का कुठं? पोरानं दिलेला हाय, त्याला पयला मान." त्याने झेंडूच्या फुलाने पाणी शिंपडलं. बोट कुंकवात बुडवलं. ओल्या फरशीवर अनवाणी उभा राहून त्याने ते बोट टेपच्या पत्र्यावर टेकवलं.

मी त्या वेळेचं जास्त सांगणार नाही. मला सांगवत नाही. माझ्यातून गेलेली वीज त्याच्यातून जमिनीत गेली. हिरवीची वाट बंद होती म्हणून तिने गोमाजीची वाट धरली. तो खाली पडला आणि स्पीकरमधून त्याचाच आवाज येत राहिला.

डॉक्टर आला, वय विचारलं, साखर विचारली आणि अटॅक म्हणाला. बोटाच्या टोकाला काळा डाग होता, पण त्यावर कुंकू होतं. कोण पुसून बघणार? गाव जमलं. "दसऱ्याला, पूजा करता करता गेला. असा पुण्याचा मरण कोनाला येतं?" बायका शेवंतीला हेच सांगत होत्या, आणि ती मान हलवत होती. तेवढाच तिला आधार.

अनिश धावत आला. मोबाइलवर गवळण अजून परत परत लागत होती, कोणाला ती बंद करायचं सुचलं नव्हतं. त्याने टेपचं बटण दाबायला हात पुढे केला आणि सणकन मागे घेतला. पायात बूट होते म्हणून तेवढ्यावर भागलं. तो तसाच उभा राहिला. मग त्याची नजर माझ्यावर आली. टेपच्या पाठीपासून भिंतीपर्यंत, हळूहळू, माझ्या अंगावरून सरकत प्लगवर जाऊन थांबली.

त्याला कळलं. मी शपथेवर सांगते, त्याला त्याच क्षणी कळलं. त्याने बोर्डाचं बटण बंद केलं, मला उपसून काढलं आणि बापाच्या पायाशी जाऊन बसला. लोकांना वाटलं दुःखाने वाचा बसलीय.

बारावं झाल्यावर "दुरुस्त करून आणतो" म्हणत त्याने टेप आणि मला गाडीत घातलं आणि माजिवड्याच्या घरी कपाटात वरच्या फळीवर ढकललं. वर्षभर मी तिथे होते. फेकून द्यायला त्याचा हात धजला नाही. पट्टी सोडवून तार जागेवर बसवायची, तर ते दोन मिनिटांचं काम होतं. पण त्यासाठी मला हातात घ्यायला लागलं असतं. कपाट उघडायचं झालं की तो समिधाला उघडायला लावायचा.

तो वाळला. गाणं ऐकायचं सोडलं. समिधाला वाटायचं, बापाचं दुःख. ती बिचारी त्याला जपायची, आणि तो त्या जपण्याने आणखी मेल्यासारखा व्हायचा. सर्वेश एकदा आला तर अनिश आत जाऊन झोपला. मला दया यायची का? यायची. पण दयेच्या वर राग यायचा. अरे, बोल ना! एकदा बोल, मग रड हवं तेवढं.

शेवंती फोनवर एकच मागायची. "बाला, तुज्या बाबाचा टेप आन ना. मोबाइलवर त्याची गवलन आयकते, पन त्यान त्याचा आवाज बारीक येतं. मना त्याचा आवाज घरभर आयकाचा हाय, पयलेसारका."

"आय, तो जळलाय. होत नाही दुरुस्त."

समिधा हे ऐकत होती. वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा तिने मनात ठरवलं. अनिश ऑफिसात असताना कपाटातून आम्हाला काढलं, जोडून बघितलं. कोरडे हात, पायात स्लीपर. टेप सुरू झाला. "जळलाय म्हणे!" ती स्वतःशी म्हणाली. "बघवत नसेल त्याला." नवऱ्याचं दुःख ओळखलं या समाधानात तिने आम्हाला रिक्षात घातलं. चांगल्या माणसांचं मला भय वाटतं, ते यामुळे.

कळव्याच्या घरी वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवसाची धावपळ चालली होती. शेवंती मोरीत भांडी घासत होती. समिधाने मला बोर्डात खोचलं, टेपला जोडलं, सासूचा मोबाइल घेऊन गवळण लावली.

गोमाजीचा आवाज घरभर झाला.

शेवंतीच्या हातातलं पातेलं खाली पडलं. ती तशीच उठली. हात कोपरापर्यंत ओले, पाय अनवाणी, मागे पाण्याचे थेंब. "आयला गो, आयला माजा मानूस," म्हणत ती टेपकडे आली. त्या आवाजाला हात लावायचा होता तिला, दुसरं काही नाही. आणि माझ्यातून वीज त्या पत्र्यात उतरत होती, एक वर्षापूर्वीसारखीच. मी दुसऱ्यांदा तेच बघणार होते.

"आय! हात लावू नको!"

अनिश दारात उभा होता. ऑफिसातून परस्पर आला होता. गल्लीत शिरताना बापाचा आवाज ऐकला असणार, कारण पायातला एक बूट वाटेतच कुठेतरी निघाला होता. त्याने आईला ढकलून बाजूला केलं आणि मला हिसका देऊन भिंतीतून उपटलं. गवळण अर्ध्या ओळीवर तुटली.

"का बंद केलास त्याला?" शेवंती कळवळली. "गाऊ दे ना रं!"

"अरे काय झालं? मी घरी लावून बघितलाय, चालतोय," समिधा म्हणाली.

 त्याने स्वयंपाकघरातली सुरी आणली, जमिनीवर बसला आणि तिच्या टोकाने माझे स्क्रू काढले. झाकण बाजूला झालं. काळी पट्टी त्याने नखाने सोडवली. माझी हिरवी तार उजेडात आली.

"आय, बाबांना अटॅक नव्हता आला," तो म्हणाला.

मग त्याने सांगितलं. सगळं सांगितलं, हसण्यापासून गुणगुणीपर्यंत. मधे थांबला की समिधा विचारायची, "आणि मग?" शेवटी तिने विचारायचं बंद केलं आणि तोंडावर पदर धरून भिंतीला टेकली.

शेवंती ऐकत होती. रडली नाही. "मी बोलले व्हते तुना फोनवर. टेप चावतो म्हनून."

"हो."

"नि वर्सभर नाय बोललास."

"तोंड झालं नाही, आय."

"गाव बोलला, पुण्याचा मरण आयला. मीबी त्येच बोलून जीव घट केला. खोटाच निंगाला तो पन." तिने पदराला हात पुसले. "उद्या सगली येतील जेवाला. यी वायर ओट्यावर ठेव, अशीच, उघडी. कोनी उचलाची नाय. नि तू तुज्या तोंडानं सांग."

आता सकाळ झालीय. मी ओट्यावर पडलेय, झाकण एका बाजूला, हिरवी तार बाहेर. थोड्या वेळाने माणसं यायला लागतील. माझ्याकडे बघून कोणी ओळखणार नाही, इतकी मी अजून देखणी आहे.

तुमच्याही घरी माझ्यासारखी एखादी असेल. सोनेरी असेल नाहीतर साधी काळी, त्याने काही बिघडत नाही. तिचा प्लग उघडून बघा, नाहीतर वायरमनला बोलावून बघायला सांगा. यंत्र चावतं असं घरातली बाई म्हणाली, तर तिचं ऐका, आणि लगेच बटण बंद करा. हिरवी जागेवर असू द्या. एवढंच माझं मागणं. माझं पुढे काय व्हायचं ते होवो, भंगारात गेले तरी माझी तक्रार नाही.

अनिश पायरीवर बसलाय, कालच्याच कपड्यांत. शेवंती आताच आतून आली आणि त्याच्या शेजारी टेकली.  मग माझ्याकडे बोट केलं.

"मना येक सांग. कसला आवाज येत व्हता तो, जो घालवाला तू यी तार कापलीस?"

"बारीक गुणगुण होती, आय. कान लावला तर ऐकू यायची."

"कान लावला तर?"

"हो."

"मी जलमभर तुज्या बापाचं घोरना आयकला रं," शेवंती म्हणाली. "गुनगुन मना चालली असती."